गावातून जाणारा वर्दळीचा रस्ता: पायी ओलांडण्याची जागा सुरक्षित कशी करून घ्यायची

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते. "शाळेसमोर झेब्रा मारून द्या." मागून कोणीतरी भर घालतो, "आणि दोन गतिरोधक." ठराव होतो, कागद जातो, वर्ष-दीड वर्षाने पांढरे पट्टे येतात आणि पहिल्याच पावसाळ्यात लाल मातीखाली जातात. पट्टे स्वच्छ दिसत होते तेव्हाही डंपर थांबत नव्हताच.

कोकणपट्टीतले बरेच रस्ते गावाच्या पोटातून जातात. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी मार्गावर कुठेही उभे राहा: एका अंगाला बंदर किंवा भंडारवाडा, दुसऱ्या अंगाला शाळा, देऊळ, एसटीचा थांबा. डांबर गुळगुळीत झालं, रुंदी वाढली, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या आल्या, आंब्याच्या दिवसांत टेम्पो आणि वर्षभर चिऱ्याचे ट्रक. माणसं मात्र पूर्वी जिथून ओलांडत होती तिथूनच ओलांडतात.

म्हणून पट्टे सगळ्यात शेवटी. आधी गाडीचा वेग उतरला पाहिजे आणि माणूस चालकाला लांबून दिसला पाहिजे. या दोन गोष्टी नसताना मारलेला झेब्रा उलट घातक ठरू शकतो, कारण ओलांडणारा पट्ट्यांवर विश्वास ठेवून पाऊल टाकतो आणि चालकाला ते दिसलेलेच नसतात. खाली सांगितलेला क्रम साधारण सात मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्यासाठी आहे. चौपदरी महामार्गाबद्दल थोडं पुढे येईल.

रस्ता कोणाचा, हे आधी

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तीन-चार महिने "आपल्या अखत्यारीत नाही" एवढंच उत्तर मिळवण्यात जातात. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता, बहुधा प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत गोंधळ जास्त, कारण गावातून जाणारा राज्य मार्ग पुष्कळदा बांधकाम विभागाचाच राहतो आणि दिवे-गटारं नगरपंचायतीची. दगड गाडला गेला असेल तर ग्रामसेवकाला विचारा. रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर मिळाला पाहिजे, कारण "मारुती मंदिरासमोर" हे अंदाजपत्रकात लिहिता येत नाही, "किमी १२/३००" लिहिता येतं.

रस्ता अलीकडेच झाला असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपलाय का? संपला नसेल तर उडालेले पट्टे आणि वाकलेले फलक नव्या निधीशिवाय त्याच्याकडून करून घेता येतात. हे कार्यालयातून आपणहून कोणी सांगत नाही.

माणसं कुठून ओलांडतात, ते पाहणं

ओलांडण्याची जागा नकाशावर ठरवू नका. कोकणात ती बहुतेकदा आधीच ठरलेली असते. वाडीतून चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते आणि थेट रस्त्याला येऊन टेकते, समोर बंदराकडे जाणारी गल्ली असते. पाखाडी आणि गल्ली यांच्यामधली रेघ हीच खरी ओलांडणी. पट्टे त्यापासून चाळीस मीटरवर, "तिथे जागा मोकळी आहे" म्हणून मारले तर डोक्यावर माशांची टोपली घेतलेली बाई वळसा घालून तिथे जाणार नाही, आणि आपणही जाणार नाही.

एक अपवाद आहे. पाखाडी नेमकी वळणावर किंवा उताराच्या तोंडाशी उतरत असेल तर ओलांडणी सरकवावीच लागते. मग नुसते पट्टे सरकवून भागत नाही. पाखाडीच्या पायथ्यापासून नव्या जागेपर्यंत गटारावर लादी टाकून चालायला वाट करायची आणि जुन्या जागी कठडा लावायचा. दोन्ही कामं एकाच अर्जात मागा.

एका तिठ्यावर थांब्याशेजारी उभ्या असलेल्या आजींना विचारलं की इथे भीती वाटते का. त्या म्हणाल्या, "मी गाडी बघलंय, पण गाडीन माका बघल्यान काय?" थांब्यापुढे उभी असलेली मॅजिक गाडी, तिच्या मागे वाकलेली रानमोडीची झुडपं, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीतून आजी वाकून रस्ता पाहत होत्या. त्यांना गाडी दिसत होती. चालकाला त्यांचं फक्त डोकं दिसलं असतं, तेही शेवटच्या क्षणी. पाहणी करताना हेच तपासायचं, आणि दोन्ही बाजूंनी. एक जण ओलांडायच्या जागी उभा राहील, दुसऱ्याने रस्त्याने मागे मागे जावं, आणि चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पहिला माणूस दिसेनासा झाला की थांबून अंतर मोजावं. शाळा असेल तर उभा करायचा माणूस म्हणजे दुसरीतलं पोर, मोठा माणूस नव्हे.

मोजमाप: एक टेप, चुना आणि मोबाइल

वेग मोजायला रडार लागत नाही. ओलांडणीच्या अलीकडे, जिथे गाड्या अजून मोकळ्या धावत असतात, तिथे रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा. गाडी पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत गेली ते मोबाइलच्या घड्याळावर पाहा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, तीन लागले तर ६०. शंभर गाड्या मोजा आणि वेग चढत्या क्रमाने लिहून पंच्याऐंशीवा आकडा पाहा. अभियंते याच आकड्याची भाषा बोलतात. सरासरी देऊ नका, सरासरीत रिक्षा आणि सायकली वेगवान गाड्यांना झाकून टाकतात. मोजणारे झाडाआड किंवा दुकानाच्या पायरीवर बसलेले बरे, नाहीतर चालक पोलीस समजून वेग कमी करतात.

माणसं आणि गाड्यांची मोजणी दर पंधरा मिनिटांच्या खान्यांत करा. शाळा भरताना, शाळा सुटताना, आठवडा बाजाराच्या दिवशी आणि पर्यटक येतात त्या एखाद्या रविवारी. मुलं, वृद्ध, ओझं घेतलेले, असे वेगळे रकाने ठेवा. मे महिन्यात मोजणी करू नका, शाळा बंद असते आणि आकडे फसवे येतात.

इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, हिच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक जुनं सूत्र आहे: गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले त्याच तासातल्या वाहनसंख्येचा वर्ग, म्हणजे ती संख्या गुणिले तीच संख्या. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर गेला, दुभाजक असताना २० कोटींच्या वर, तर ओलांडणीची खास सोय समर्थनीय ठरते. १८० माणसं आणि ८०० वाहनं असतील तर ११ कोटी ५२ लाख होतात, म्हणजे बसतं. पण ९० माणसं आणि ४०० वाहनं असतील तर दीड कोटीलाही पोहोचत नाही. बाजारपेठेचा नाका सोडला तर कोकणातली बहुतेक गावं या सूत्रात नापास होतील. तेव्हा सूत्र बसलं तर अर्जात वर लिहा. नाही बसलं तर त्याचा उल्लेखही नको, वेग आणि दृश्यमानता यांवर भर द्या. माझ्या मते गावच्या रस्त्यावर तोच मुद्दा जास्त खरा आहे.

तो असा मांडता येतो. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे सात मीटरचा रस्ता सहा सेकंदांत पार. आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात, त्यांना नऊ सेकंद लागतात. ताशी ५० च्या वेगाने येणारी गाडी नऊ सेकंदांत १२५ मीटर कापते. तुमच्या जागेवरून वळण ७० मीटरवर असेल तर रस्ता पूर्ण रिकामा पाहून पाऊल टाकलेल्या आजीही अर्ध्यात सापडतात. चालकाच्या बाजूने आयआरसीचा तक्ता सांगतो की सुरक्षित थांबायला ताशी ४० ला ४५ मीटर, ५० ला ६० मीटर आणि ६० ला ८० मीटर दिसायला हवेत. श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर याहून जास्तच धरा. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. माणसं आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे, त्यामागे हेच गणित आहे.

काय मागायचं

आता मागणीची यादी, पण स्वस्तापासून महागाकडे.

झाडी तोडणं आणि गाड्या हटवणं यांना निधी लागत नाही. ओलांडणीच्या आधी दोन्ही दिशांना निदान दहा मीटर काहीही उभं राहता कामा नये: रिक्षा, फळांची हातगाडी, उमेदवारांचा बॅनर, चिऱ्यांचा ढीग. रिक्षास्टँड हलवायचा तर रिक्षा संघटनेला आधीच बैठकीला बोलवा. त्यांना दुसरी सोयीची जागा दाखवलीत तर तेच पुढे राखण करतात, परस्पर ठराव केलात तर सहा महिने भांडण पुरेल.

एसटीचा थांबा कुठे आहे ते बघा. ओलांडणी थांब्याच्या मागच्या बाजूला हवी, म्हणजे एसटी पट्टे ओलांडून पुढे थांबेल आणि उतरलेले प्रवासी गाडीच्या मागून रस्ता पार करतील. उलट असेल तर उतरलेली मुलं एसटीच्या तोंडापुढून निघतात आणि एसटीला ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीला ती दिसतच नाहीत. थांबा वीस-पंचवीस मीटर पुढे सरकवायला आगारप्रमुखांना पत्र द्यावं लागतं. ते सहसा नाही म्हणत नाहीत.

मग वेग उतरवणारी बांधणी. गतिरोधक मागायचा तर आयआरसीच्या मापाचा मागा: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलसर, अलीकडे ४० मीटरवर सूचना फलक आणि वर रंगाचे पट्टे. गावकऱ्यांनी रात्रीत सिमेंट ओतून केलेला अरुंद उंचवटा बेकायदा असतो, दुचाकीवाल्याला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल करतो. तो कोणीही करू नये.

माझी पसंती मात्र उंच केलेल्या ओलांडणीला आहे, म्हणजे पट्टे ज्या भागावर आहेत तो अख्खा भाग साधारण फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलायचा आणि दोन्ही बाजूंना सौम्य उतार द्यायचा. चालकाला तिथे वेग कमी करावाच लागतो आणि माणूस उंचावर आल्याने लवकर दिसतो. कोकणात यात एक मोठी मेख आहे, पाण्याची. उताराच्या रस्त्यावर असा चौथरा बांधला की तो बांधासारखा पाणी अडवतो. जुलैत वरच्या अंगाला घोटाभर डबकं साचतं आणि लोक ते टाळायला पंधरा मीटर पलीकडून ओलांडू लागतात. म्हणून गटाराच्या कडेने पाणी जायला जागा सोडलेली किंवा पाईप टाकलेला आराखड्यात दिसलाच पाहिजे, आणि पाईप पाला अडकून तुंबणार नाही एवढा मोठा हवा. पाखाडी जिथे रस्त्याला मिळते तिथले दोन-तीन मीटर फरसबंदी करून घ्या, नाहीतर वरून आलेली तांबडी माती पट्ट्यांवर पसरते.

उजेड ही दुसरी दुर्लक्षित गोष्ट. दिवा ओलांडणीच्या नेमका वर नको. गाडी येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या थोडा अलीकडे हवा, म्हणजे उजेड माणसाच्या चालकाकडच्या अंगावर पडतो. दुपदरी रस्त्यावर म्हणून दोन दिवे, दोन्ही दिशांसाठी एकेक. सौरदिव्यांच्या चमकणाऱ्या खांबांचा मोह सगळ्यांना असतो, पण किनाऱ्यावर खारा वारा जोड खातो आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते मिणमिणतात. महावितरणच्या खांबावरचा साधा एलईडी दिवा बरा. बिल कोण भरणार हे ठरावात लिहून घ्या.

पट्टे मागताना "थर्मोप्लास्टिक" हा शब्द वापरा. साधा रंग एका पावसाळ्याचा सोबती. थर्मोप्लास्टिक वितळवून साधारण २.५ मिलिमीटर जाडीने बसवतात आणि वर काचेचे मणी टाकतात, त्यामुळे रात्री हेडलाइटमध्ये चमकतं. रस्ता पूर्ण कोरडा लागतो, म्हणून हे काम दिवाळीनंतरच. पट्ट्यांच्या अलीकडे थांबारेषा, त्याआधी लाल त्रिकोणातला पादचाऱ्याचा फलक आणि कडेला कॅट आय, म्हणजे हेडलाइटमध्ये चमकणारे परावर्तक, एवढं एकत्र मागा.

कागद

ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा ठरलेल्या असतात, आणि १५ ऑगस्टची सभा सगळ्यात सोयीची. ठराव ऑगस्टात, स्थळपाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काम डिसेंबरनंतर, असं गणित मार्चअखेरच्या आत बसतं. मेमध्ये अर्ज केलात तर पाऊस लागतो आणि फाईल खाली जाते.

अर्ज उपअभियंत्यांच्या नावाने, एका पानाचा. नमुना असा:

"विषय: ___ मार्ग, किमी ___, मौजे ___ येथे पादचारी ओलांडणी सुरक्षित करणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी दि. ___ रोजी सकाळी ___ ते ___ या तासात ___ व्यक्तींनी रस्ता ओलांडला, पैकी ___ शाळकरी मुले होती. शंभर वाहनांच्या मोजणीत ८५ टक्के वाहनांचा वेग ताशी ___ किमीपर्यंत आढळला. ___ दिशेने दृश्य अंतर केवळ ___ मीटर आहे. तरी संयुक्त स्थळपाहणी करून पुढील कामांचे अंदाजपत्रक तयार करावे, ही विनंती. सोबत: ग्रामसभा ठराव, मोजणी तक्ते, फोटो, हातनकाशा."

प्रती पोलीस निरीक्षक, उपप्रादेशिक परिवहन अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना. जिल्हाधिकारी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, परिवहन, बांधकाम सगळे त्या एका टेबलावर येतात. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अर्ज हा अर्ज नसतो.

पोलीस ठाण्यातून त्या जागेच्या तीन वर्षांतल्या अपघातांची माहिती मिळवा. नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: जोडपत्र अ हा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांची मुदत. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' धरतात. तुमची जागा त्यात बसत नसेल तर "अजून कोणी मेलं नाही" असा सूर निघू शकतो. तेव्हा शांतपणे दोन गोष्टी लक्षात आणून द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं, त्यानुसार ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा चालण्यायोग्य पदपथावरचा हक्क घटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, जोडला आहे. आवाज चढवायची गरज नाही, अर्जाच्या शेवटी दोन ओळी पुरतात.

"निधी उपलब्ध नाही" हे उत्तर आलं तर ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती अशा तीन वाटा आहेत. दोन महिने काहीच हाललं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार.

स्थळपाहणीच्या दिवशी

शाखा अभियंता दुपारी दोनला येतो म्हणाला तर विनंती करून शाळा सुटायची वेळ घ्या. दुपारी दोनला रस्ता निवांत असतो आणि तुमचे सगळे आकडे खोटे वाटतात. पंधरा माणसं जमवू नका, चार पुरेत, त्यांत एक शिक्षक आणि एक रिक्षावाला. शक्य असेल तर पोलिसांच्या परवानगीने आणि त्यांच्या उपस्थितीत तासभर शंकू मांडून रस्ता अरुंद करून दाखवा आणि त्याच वेळी वेग मोजा. आधीचा आणि तेव्हाचा आकडा शेजारी लिहिलेला कागद अभियंत्याच्या हातात द्या.

काम सुरू झालं की टेप घेऊन जा. गतिरोधकाची रुंदी, फलकाचं अंतर, थर्मोप्लास्टिकवरचे काचेचे मणी आणि पाण्याची वाट, या चार गोष्टी ठेकेदार गेल्यावर दुरुस्त होत नाहीत.

महामार्ग, आणि गणपती

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर गतिरोधक मागून उपयोग नाही, राष्ट्रीय महामार्गांवर ते ठेवायचे नाहीत असंच केंद्राचं धोरण आहे. तिथे भुयारी मार्ग, पादचारी पूल, दुभाजकात थांबायची सुरक्षित जागा आणि सेवा रस्ता यांची मागणी करा. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्यापुढे खाली राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, हे ध्यानात ठेवून पत्ता लिहा. पादचारी पूल मागताना जरा विचार करा. जिने चढून जायला लागणारा पूल म्हातारी माणसं वापरत नाहीत, ती दुभाजकाच्या फटीतूनच जातात. भुयारी मार्ग मिळाला तर तो, पण त्यात पाणी साचणार नाही याची लेखी हमी घेऊन.

कायमचं काम होईपर्यंत चतुर्थीच्या आठवड्यासाठी तात्पुरती सोय वेगळी मागावी लागते. चाकरमान्यांच्या गाड्या रात्रभर येत असतात, चालक थकलेले असतात आणि त्याच वेळी वाडीवाडीतून लोक आरतीला रस्ता ओलांडत असतात. पोलीस ठाण्याला पंधरा दिवस आधी पत्र देऊन बॅरिकेड, होमगार्ड आणि एक तात्पुरता दिवा मागा. मंडळाच्या मुलांना शिट्टी देऊन रस्त्यात उभं करू नका. गाड्या थांबवण्याचं काम गणवेशातल्या माणसाचं. मुलांनी कडेला टॉर्च घेऊन म्हाताऱ्यांना सोबत करावी, तीही परावर्तक जाकीट घालून.

काम पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच खुणांवर पुन्हा शंभर गाड्या मोजा. वेग उतरला नसेल तर तोच तक्ता जोडून दुसरा अर्ज, आधीच्या आवक क्रमांकाच्या संदर्भासह. पावसाळा संपला की फलकांवरची रानमोडी तोडणं, पाईप मोकळा करणं आणि पट्ट्यांवरची माती धुणं हे काम ग्रामपंचायतीच्या ऑक्टोबरच्या यादीत घालून ठेवा, नाव आणि तारखेसकट.